कान जातात, हे सोप्या मराठीत

मी नक्की काय काम करते ते आमच्या भिवंडीजवळच्या कोन गावात अजून कोणाला नीट कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते, पोरगी शास्त्रज्ञांचं मराठी करते. बाबा सांगतात, सरकारी काम हाय. घरात बसून जे करता येतं ते सरकारीच असणार, अशी त्यांची पक्की समजूत आहे.

खरं तर काम साधं आहे. मुंबईतली एक संस्था वैज्ञानिक संशोधनाचे निबंध निवडते आणि सामान्य माणसाला कळतील अशा पानभर मराठीत त्यांचे सारांश लिहून घेते. ते लिहिणाऱ्यांपैकी मी एक. प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं, भिवंडीतल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, आणि तासिका आटल्या तेव्हा हे काम मिळालं. वरच्या मजल्यावरची खोली माझी. घरामागे पूर्वी भाताचं खळं होतं, तिथं आता बाबांचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना आहे. आवाजाची मला लहानपणापासून इतकी सवय की लूम चालू आहेत हे मला ते बंद पडल्यावरच कळतं. बाकीच्यांचं तसं नव्हतं. संस्थेची माझी पहिली ऑनलाइन मीटिंग होती ती एप्रिलमध्ये, आणि सगळ्यांनी काळजीनं विचारलं की तुमच्याकडे एवढा पाऊस कसा काय. मी म्हटलं, आमच्याकडे पडतो. लूम समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. पुढे मी मीटिंगा शुक्रवारी मागून घेतल्या, कारण शुक्रवारी लूमला सुट्टी.

आमच्या संपादकबाईंनी सुरुवातीलाच मला समजावलं होतं की आपला वाचक म्हणजे सर्वसामान्य माणूस. त्याला काही माहीत नाही असं धरून लिहायचं, पण आपण तसं धरलंय हे त्याला कळता कामा नये. मी विचारलं, हा माणूस कोणी पाहिलाय का. त्या म्हणाल्या, त्यासाठी वाचकमंडळ आहे. वाचकमंडळात एक निवृत्त प्राचार्य, एक बँक मॅनेजर आणि स्वतः पीएचडी झालेल्या एक बाई होत्या. सर्वसामान्य माणसाला काय कळणार नाही, ते हे तिघं प्रत्येक सारांश वाचून सांगत. बहुतेक वेळा त्यांचं मत पडे की सर्वसामान्य माणसाला संदर्भसूची हवी.

शिवाय एक सॉफ्टवेअर होतं. मजकूर त्यात टाकला की तो कितवीच्या मुलाला कळेल हे ते सांगायचं. सॉफ्टवेअर परदेशी, मराठीशी त्याची ओळखदेख नव्हती, त्यामुळे माझं सगळंच लिखाण पाचवीच्या मुलाला कळेल असं ते म्हणायचं. मला शंका आली म्हणून एकदा वीजबिलाच्या मागचा बारीक अक्षरातला मजकूर त्यात टाकला. तोही पाचवीच्या मुलाला कळत होता. मी हे संपादकबाईंना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि अहवालात पाचवी असं लिहिणं चालू ठेवलं.

हे सगळं चाललं होतं आणि मी मधुमेह, मधमाश्या, भूजल असल्या विषयांवर पानं लिहीत होते. त्यातलं एकही पान आमच्या गावात कोणी वाचलं नाही. मग ते कानांचं काम आलं.

त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका संशोधन केंद्राची मोठी व्हॅन आमच्या गावात येऊन उभी राहिली होती. तिच्यात बाहेरचा आवाज शिरू नये अशी छोटी खोली केलेली होती. माणसाला आत बसवायचं, कानाला हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. बारीक आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. लूमवर काम करणाऱ्यांचे कान तपासायला ही मंडळी भिवंडीत गल्लोगल्ली फिरत होती. त्यांच्या प्रमुख होत्या कानाच्या एक डॉक्टर. मॅडम स्वतः आमच्याकडे आल्या, ओटीवर बसून चहा घेतला, आणि कारखान्याच्या मालकाचेही कान तपासायचे आहेत म्हणाल्या. मालक हा शब्द बाबांना आवडला. ते शर्ट बदलून व्हॅनमध्ये जाऊन बसले.

बाबा तरुणपणी दुसऱ्याच्या लूमवर उभे राहिले, मग स्वतःचे टाकले. आयुष्य त्या खडखडाटात गेलं. त्यांना कमी ऐकू येतं हे गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. ती त्यांच्या वाटेतून स्वतःहून उठायची. ठाऊक नव्हतं ते बाबांना. त्यांच्या मते लोक हल्ली हळू बोलायला लागले होते. व्हॅनमधून ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते तक्रार घेऊन. म्हणाले, बटन ढिलं हाय.

वर्षभरानं त्या अभ्यासाचा निबंध एका परदेशी नियतकालिकात छापून आला. ज्यांच्यावर अभ्यास केला त्यांना निष्कर्ष सोप्या भाषेत कळवायचे असा नियम असल्यामुळे केंद्रानं आमच्या संस्थेला सारांशाचं काम दिलं, आणि संस्थेत भिवंडीची मी एकटीच. माझे वडीलच त्या अभ्यासात आहेत, तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाला द्यावं, असं मी संपादकबाईंना कळवलं. त्यांना फार आनंद झाला. त्यांनी मला 'समुदायाचा आवाज' म्हटलं आणि तो शब्दप्रयोग लगेच प्रस्तावात घातला. मी आणखी एक गोष्ट विचारली. लूमवरचे बहुतेक कारीगर उत्तर प्रदेश-बिहारकडचे आहेत, मग सारांश हिंदीत नको का. त्यावर उत्तर आलं की हिंदी दुसऱ्या टप्प्यात. दुसरा टप्पा कधी, ते पहिल्या टप्प्याच्या मूल्यमापनानंतर ठरणार होतं.

माझा पहिला खर्डा थोडक्यात होता. लूमच्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की कान जातात. गेलेले कान परत येत नाहीत. उरलेले वाचवता येतात. ते कसे, ते खाली चार ओळींत.

मॅडमनी तो वाचून अतिशय नम्रपणे सगळा खोडला. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी प्रत्येकाचे कान एकदाच तपासले होते. लूमवर जास्त वर्षं काढलेल्यांना कमी ऐकू येतं हे दिसलं, पण ते आवाजामुळेच झालं हे फक्त या एका तपासणीवरून सिद्ध होत नाही. वय असेल, तंबाखू असेल, जुनं कानफुटीचं दुखणं असेल. त्यामुळे 'मुळे' हा शब्द कुठंही येता कामा नये. 'संबंध आढळला' म्हणायचं, आणि कारण सिद्ध होत नाही हेही सांगायचं. त्या चुकीचं काहीच बोलत नव्हत्या. मी स्वतः शास्त्र शिकलेली, मला ते पटलं. मी 'मुळे' काढले.

मग मजकूर प्रसिद्धी विभागाकडे गेला. तिथल्या तरुण गृहस्थांना तो निराशाजनक वाटला. 'कान जातात' या शब्दांनी वाचक खचेल, असं त्यांचं मत. त्यांनी 'चला, ऐकू या' असा मथळा सुचवला आणि शेजारी एका हसऱ्या कानाचं चित्र काढून घेतलं. कान कसा हसतो ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्यांच्यानंतर कायदेशीर बाजू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी 'लूम' या शब्दावर बोट ठेवलं. एका उद्योगाचं नाव घेतल्यासारखं होतं म्हणे. त्याऐवजी 'ध्वनियुक्त कार्यस्थळ' आलं. वाचकमंडळातल्या प्राचार्यांनी 'कान' हा शब्द ग्राम्य ठरवून 'श्रवणेंद्रिय' केलं, आणि बँक मॅनेजरांनी प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी 'अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाक्य घालायला सांगितलं, कारण त्यानं भारदस्तपणा येतो.

पानाचं शेवटी जे झालं त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: 'ध्वनियुक्त कार्यस्थळी दीर्घकाळ व्यतीत केलेल्या व्यक्तींच्या श्रवणक्षमतेतील घट व कार्यकाल यांत संबंध आढळून आला असला, तरी आवाजामुळे बहिरेपणा येतो असे या अभ्यासावरून सिद्ध होत नाही.' मी ते सॉफ्टवेअरमध्ये टाकलं. पाचवी.

पान मंजूर झालं आणि व्हॅनमध्ये बसलेल्या सगळ्यांच्या फोनवर गेलं. बाबांच्याही. त्यांनी ते झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं आणि चष्मा लावून ओटीवर बसून वाचलं. मी लिहिलेलं काही त्यांनी वाचायची ती पहिलीच वेळ, म्हणून मी दारात उभी राहिले. सुरुवातीला त्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. मग बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ त्यांनी मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि चेहरा उजळला.

"बग, तूच लिवलंस," ते मला म्हणाले. "आवाजानी बहिरेपना येतो हे सिद्ध न्हाय. मी कवापासून सांगतंय."

मी समजावून सांगायला लागले की सिद्ध होत नाही याचा अर्थ तसं नाही असा होत नाही. हे मला ओरडून सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे कागदाकडे बोट दाखवलं. छापलेल्यापुढे बोललेलं टिकत नाही.

संध्याकाळी ते पान घेऊन नाक्यावर गेले. तिथं चहाच्या टपरीवर आसपासच्या लूममालकांची बैठक असते. त्यांच्यातल्या काहींनी व्हॅन आल्यापासून धसका घेतला होता, की आता कारीगरांच्या कानांचं काही तरी आपल्या गळ्यात पडणार. बाबांनी ती ओळ वाचून दाखवली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे गर्दी झाली. एका मालकानं पान लॅमिनेट करून कारखान्यात देवाच्या तसबिरीखाली लावलं, त्या ओळीखाली लाल रेघ मारून. कारीगरांनी कानात घालायला बोळे मागितले की तो तिकडे बोट दाखवायचा. कारीगरांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यामुळे वादच मिटला.

माझ्या लिखाणाला मिळालेली ती पहिली लोकप्रियता. मधमाश्यांवरच्या माझ्या पानाला एवढे वाचक मिळाले असते तर मी पेढे वाटले असते. रस्त्यात लोक थांबवून छान लिहिलंस म्हणायचे. लॅमिनेटवाले मालक तर म्हणाले, असंच लिहीत जा, आपल्या माणसानं आपल्या माणसासाठी लिहायला पाहिजे. संस्थेच्या संपादकबाईंनी पान किती जणांनी उघडलं ते पाहिलं आणि आमच्या सगळ्यांचं अभिनंदन करणारा मेल पाठवला. मी कुणाला काय सांगणार होते. पानात एकही वाक्य खोटं नव्हतं.

पुढचं घडलं ते कल्याण रोडवर. बाबा दूध घेऊन रस्ता ओलांडत होते. वडप्याच्या गोदामांकडे जाणारा एक कंटेनर वळणावरून आला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग हॉर्नवरचा हात काढलाच नाही. टपरीवरची सगळी माणसं उठून उभी राहिली, ओरडली. बाबा आपल्या चालीनं चालत राहिले. ड्रायव्हरनं गाडी कशीबशी कडेला घातली. तिच्या वाऱ्यानं की धक्क्यानं, बाबा रस्त्याच्या कडेच्या चरात पडले. कोपर सोललं, गुडघा सुजला, दूध सांडलं. त्यांना रिक्षातून घरी आणलं तेव्हा आई पायरीवरच खाली बसली.

बाबांना मात्र राग आला होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, असं त्यांचं म्हणणं. टपरीवाल्यानं कानाशी जाऊन सांगितलं की हॉर्न पार पुलापर्यंत ऐकू गेला. बाबा म्हणाले, तुला ऐकू गेला असंल, पन त्याचा संबंध हाय, सिद्ध न्हाय. पान त्यांना आता पाठ झालं होतं.

मी त्यांच्या कोपराला औषध लावत होते. हसू येण्यासारखं होतं, पण आलं नाही. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला, बाबांचा, हसऱ्या कानाचा, बँक मॅनेजरांचा. थोडा माझाही, पण त्याचं मी नंतर पाहणार होते. औषध लावून झालं आणि मी वर जाऊन मॅडमना थेट फोन केला. असं थेट बोलायची पद्धत नव्हती, सगळं संपादकबाईंमार्फत व्हायचं.

काय झालं ते मी मॅडमना सांगितलं. मग त्यांनी आधी बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, एक्स-रे काढा म्हणाल्या. मग त्या पुन्हा त्यांच्या मुद्द्यावर आल्या. आपला अभ्यास जे दाखवतो त्यापलीकडे मी जाऊ शकत नाही, असं म्हणायला लागल्या. मी त्यांना मध्येच विचारलं की तपासणीच्या वेळी त्या लूमच्या शेडमध्ये शिरायच्या तेव्हा काय करायच्या. त्या म्हणाल्या, कानात फोमचे बोळे, आणि वरून कान झाकणारे मोठे मफ.

"दोन्ही कशाला, मॅडम?"

"कशाला म्हणजे? कान जातील ना."

आपण काय बोललो ते मॅडमच्याच कानांवर पडलं. मग त्या हसायला लागल्या. हसू थांबल्यावर त्यांनी मला जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की ते निबंधात का नव्हतं हेच मला कळेना. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की कान जातात, हे जगाला फार आधीपासून माहीत आहे. ते सिद्ध करायला त्या भिवंडीत आल्याच नव्हत्या. भिवंडीत किती जणांचे आणि किती गेलेत ते मोजायला आल्या होत्या. शास्त्रज्ञांसाठी लिहिताना ते आधीचं लिहावं लागत नाही, वाचणाऱ्याला ते ठाऊकच असतं. आम्ही सगळ्यांनी मिळून निबंधातली सावधगिरी तेवढी सोप्या भाषेत आणली होती आणि मूळ गोष्ट मागे ठेवली होती, कारण ती निबंधात नव्हती.

मी विचारलं, मग हे पानात घालू या का. मॅडम म्हणाल्या, घाला, मी सही करते. संपादकबाईंनी कळवलं की मंजूर पानात बदल करायचा तर ते पुन्हा सगळ्या विभागांतून जाईल. मॅडमनी त्यांनाही फोन केला असावा, कारण मग निरोप आला की तूर्त सहभागी लोकांची सभा ठरलेलीच आहे, तिथं तोंडी सांगा. तोंडी बोलण्याला मंजुरी लागत नव्हती.

सभा शुक्रवारी होती, निजामपुऱ्यातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये. लूम बंद असल्यामुळे त्या गल्ल्यांत बोललेलं ऐकू येत होतं. स्टेजवर हसऱ्या कानाचा मोठा बॅनर लावला होता. पुढच्या खुर्च्यांवर मालक, मागे कारीगर, आणि पहिल्या रांगेच्या मधोमध आमचे बाबा, गुडघ्याला पट्टा बांधून. आई त्यांच्या शेजारी. प्रसिद्धीवाल्या गृहस्थांनी माइकवर पान वाचायला सुरुवात केली. ध्वनियुक्त कार्यस्थळापर्यंत पोचले तेव्हा मागची माणसं आपापसांत बोलायला लागली होती, आणि श्रवणेंद्रियाला काही जण उठून चहाकडे गेले. एक म्हातारे कारीगर उभे राहिले आणि म्हणाले, साहब, ये हिंदी में बोलेगा कोई?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माइक माझ्या हातात आला. मी कधी सभेत बोलले नव्हते. भिवंडीची आहे, त्यामुळे हिंदी येत होती, पण ती भाजीवाल्याशी बोलायची हिंदी. तीच वापरली.

"लूम के आवाज से कान जाता है," मी म्हणाले. "गया हुआ वापस नहीं आता. जो बचा है, वो बच सकता है. कान में बोळा डालना पड़ेगा, रोज, पूरी ड्युटी."

बोळ्याला हिंदीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवलं नाही. कोणाचं अडलं नाही. चहाकडे गेलेले काही जण परत येऊन बसले. प्रसिद्धीवाले गृहस्थ मला हातानं काहीतरी खुणावत होते.

मग लॅमिनेटवाले मालक उठले. त्यांनी पान सोबतच आणलं होतं. ते वर धरून ते म्हणाले की या बाईनं स्वतःच लिहून दिलंय सिद्ध झालेलं नाही, आणि आता उलटं सांगते. रास्त प्रश्न होता. मॅडम उठून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं की कागदावरचं वाक्य त्यांचं आहे. आग लागली की घर जळतं हे सगळ्यांना माहीत असतं, त्या फक्त किती घरं जळाली ते मोजायला आल्या होत्या. त्यात आग सिद्ध झाली नाही असं लिहिलं म्हणून कोणी विस्तवात हात घालू नये. लॅमिनेटवाले खाली बसले. त्यांना पटलं का ते कळलं नाही, पण पान त्यांनी मांडीवर उलटं ठेवलं.

त्यानंतर मागच्या रांगेतल्या एका कारीगरानं विचारलं की मग मालक लोक बोळे देणार का. सगळ्या मालकांनी एकदम छताकडे पाहिलं. छताला पंखे होते, ते पाहण्यासारखे नव्हते. आमच्या बाबांनी मात्र प्रश्न विचारणाऱ्याकडे वळून पाहिलं आणि जोरात मान हलवली.

इथं एक सांगायला हवं. बाबांना एखाद्याचं बोलणं ऐकू आलं नाही की ते कधी पुन्हा विचारत नाहीत. ते समोरच्याकडे आदरानं बघतात आणि होकारार्थी मान हलवतात. बहुतेक वेळा ते खपून जातं. त्या दिवशी अख्ख्या हॉलनं ते पाहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. म्हाताऱ्या कारीगरानं पुढे येऊन बाबांचे दोन्ही हात धरले. टाळ्या मात्र बाबांना ऐकू आल्या. ते उठून उभे राहिले, चहूकडे नमस्कार केला आणि पुन्हा एकदा मान हलवली. आपण आधी मान हलवली नाही म्हणून आसपासच्या दोघा मालकांची तोंडं पडली, आणि मग त्यांनीही लाजेकाजेस्तव हात वर केले.

आपण काय कबूल केलं ते बाबांना घरी आल्यावर कळलं. आईनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, तरी त्यांना वाटलं ती चेष्टा करते. मग मी कागदावर लिहून दिलं. ते वाचून ते ओटीवर जाऊन बसले. मला वाटलं आता चिडतील, शब्द मागे घेतील. पण शंभर माणसांसमोर मान हलवलेली होती, आणि आमच्याकडे शब्द फिरवला तर माणूस लग्नाच्या पंक्तीत बसायच्या लायकीचा राहत नाही. त्यांना दुसरंच काही खात होतं.

"वडप्याचे दलाल रोज येतात, गोदामाला जागा मागाला," ते हळूहळू म्हणाले. "उद्या कोनी ही जागाच मागल, आनि मी अशीच मान हालवीन."

त्या आठवड्यात ते स्वतःहून म्हणाले, मना कानाचं मशीन आन.

मी इतकी वर्षं शास्त्र सोपं करून सांगते, पण बाबांना कानाचं मशीन घ्यायला ना शास्त्रानं लावलं, ना मी. जमिनीच्या भीतीनं लावलं. कल्याणला तपासणी झाली तेव्हा तिथल्या मुलीनं हातात बटण दिलं. या वेळी त्यांनी बटणाला नावं ठेवली नाहीत.

बोळे आले. आमच्या कारखान्यातल्या थोड्यांनी ते घातले, थोड्यांनी गळ्यात अडकवून ठेवले, आणि एक-दोघांनी सांगितलं की बोळा घातला तर धागा तुटलेला कळणार नाही. महिन्याभरानं त्यातल्या एकानं कबूल केलं की कळतं, जमिनीच्या थरथरीवरून पायातून कळतं. लॅमिनेटवाल्यांनी बोळे दिले, पण पानही काढलं नाही. तसबिरीखाली आता दोन्ही गोष्टी आहेत. संस्थेच्या वार्षिक अहवालात 'समुदायाचा उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहून बाबांचा मान हलवतानाचा फोटो छापला. फोटोत ते इतके ठाम दिसतात की मलाही क्षणभर खरं वाटलं. सुधारलेलं पान सगळ्या विभागांतून फिरून शेवटी आलं. 'कान जातात' हे त्यात आहे. सातव्या परिच्छेदात आहे. हिंदी अजून दुसऱ्या टप्प्यात आहे, पण मॅडमनी स्वतःच्या फोनवर माझी ती भाजीवाली हिंदी रेकॉर्ड करून कारीगरांच्या ग्रुपवर टाकली, आणि ती फिरते आहे.

मशीन लावल्यावर पहिले काही दिवस बाबा वैतागून गेले. पंखा एवढा आवाज करतो हे मला कोणी सांगितलं का नाही, असं विचारायचे. भांड्यांवर, चिमण्यांवर, स्वतःच्या चपलेवर चिडायचे. कारखान्यात जाताना मशीन काढून ठेवतात आणि बोळे घालतात, हे मात्र न सांगता करतात.

खरी पंचाईत आईची झाली. एका शुक्रवारी मी खाली चहाला आले तर ती ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून, कांदा चिरता चिरता, नेहमीच्या बारीक आवाजात बाबांच्या घराण्याचा उद्धार करत होती. बाबा झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला.

"हे तू रोज बोलतंस?" त्यांनी विचारलं.

आईची सुरी थांबली. तिनं वळून पाहिलं नाही. पाठमोरीच म्हणाली, हो, लग्नापासून.

बाबांनी विचार केला. मग म्हणाले, माझी आत्या तशी नव्हती, ते तू चुकीचं बोललीस, बाकी चालंल. आणि त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला. आईनं कांदा चिरायला सुरुवात केली, या वेळी मुकाट्यानं, आणि मी दोघांना चहा ओतला.